बाहेरून कुलूप लावून आत जाणारा माणूस

समोरच्या शिवणखान्यात रोज सकाळी साडेआठला एकवीस माणसं रांगेने आत जायची आणि बाविसावा बाहेर थांबायचा. तो शटर खाली ओढायचा, कुलूप लावायचा, रस्ता ओलांडून माझ्या झेरॉक्सच्या दुकानात यायचा, किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचा आणि म्हणायचा, “येतो, मावशी.” मग इमारतीच्या बाजूच्या बोळात शिरायचा, तिथल्या उपड्या खोक्यावर चढायचा आणि खिडकीतून आत उतरायचा. पाच मिनिटांनी त्याच खिडकीतून वाफ बाहेर यायला लागली की समजायचं, इस्त्री सुरू झाली. रात्री तो तसाच खिडकीतून बाहेर येऊन कुलूप काढायचा आणि सगळे गल्लीतल्याच खोल्यांत झोपायला जायचे.

आतल्या बायका त्याला खिडकीदादा म्हणायच्या. त्याचं खरं नाव मला पाठ आहे, कारण त्याच्या पासपोर्टच्या प्रती मी इतक्या वेळा काढल्यात की डोळे मिटून त्याचा चेहरा काढून दाखवीन. पण त्या नावाने त्याला कोणी हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. तेव्हा मीही मारत नाही.

आता तुम्ही विचाराल, हा काय वेडेपणा? वेडेपणा नाही, ही व्यवस्था. मालकाचं म्हणणं असं की आतून लावलेलं कुलूप आतली माणसं उघडतात, म्हणून कुलूप बाहेरूनच हवं. मुकादमाकडे असे तीन शिवणखाने, तो साडेआठला इथे थांबू शकत नाही. मग बाहेरून कुलूप लावायला माणूस हवा. बाहेरचा माणूस ठेवला तर त्याला पगार द्यावा लागतो. म्हणून आतलाच निवडला, सगळ्यात जुना, सगळ्यात भरवशाचा, नऊ वर्षांत एकदाही न पळालेला. नोकरीत बढती बढती म्हणतात ती हीच.

आणि आत काय शिवायचे? ती भडक नारिंगी जाकिटं असतात ना, चमकत्या पट्ट्यांची, रस्ता खणणाऱ्यांच्या आणि आग विझवणाऱ्यांच्या अंगात असतात ती. पाठीवर छापलेलं, ‘सुरक्षा प्रथम’. मी हसून घेतलं, पहिली दोन वर्षं. नंतर हसू येईना आणि रडायला सवड नव्हती, मशीनवर गिऱ्हाईक उभं असायचं.

एकदा न राहवून त्याला विचारलं, “अरे, खिडकी तर सताड उघडी. तू आत जातोस त्या वाटेने एकवीस माणसं बाहेर येऊ शकतात. मग हे कुलूप कशाला लावता?”

तो किल्ली खिळ्याला अडकवत होता. म्हणाला, “असू दे, मावशी. कुलूप आहे तेच बरं आहे. ते नसतं तर रोज सकाळी ठरवावं लागलं असतं, आज का नाही गेलो म्हणून.”

तो गेला आणि मी कितीतरी वेळ कोऱ्या कागदाच्या झेरॉक्स काढत बसले.

खरं कुलूप शटरला नव्हतंच. ते होतं मालकाच्या बंगल्यातल्या लोखंडी कपाटाला. बावीस जणांचे पासपोर्ट तिथे. हे सगळे सीमेपलीकडून दलालाच्या मागून आलेले. दलालाला सगळे ‘मामा’ म्हणतात. तर या मामाने बसमधून उतरताच सगळ्यांचे पासपोर्ट ‘जपून ठेवायला’ म्हणून गोळा केले, आणि ते इतके जपले की पुन्हा कोणाच्या हाताला लागले नाहीत. पासपोर्टशिवाय गल्लीच्या टोकापलीकडे गेलं की पोलीस धरणार, हे प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगितलेलं. मग खिडकी उघडी असली काय नि भिंतच नसली काय.

ते बावीस पासपोर्ट मला कसे माहीत? कारण वर्षातून दोनदा मुकादम त्यांचा गठ्ठा रबर लावून माझ्याकडे आणायचा. तपासणीच्या आधी प्रती लागायच्या. खिडकीदादाच्या पासपोर्टची मुदत चार वर्षांपूर्वीच संपली. मुकादम म्हणाला, “मावशी, त्या तारखेवर जरा एक चिठ्ठी ठेवून काढा.” मी ठेवली. दुकानाची जागा मालकाचीच आहे, आणि मला वाटलं, एक चिठ्ठी तर आहे. वेठबिगार हा शब्द मी शाळेत इतिहासाच्या पुस्तकात वाचला होता. राजे गेले तेव्हा तोही गेला असेल असं मी धरून चालले होते. तो माझ्या मशीनच्या काचेवर पालथा पडलेला असायचा आणि मी झाकण लावून हिरवं बटण दाबायची.

गल्लीचं मत विचारू नका. कोपऱ्यावरचा न्हावी म्हणायचा, त्या लोकांना सवय असते. औषधवाला म्हणायचा, दोन वेळ जेवायला मिळतं, आणखी काय पाहिजे. मी म्हणायची, आपल्याला काय करायचंय. तिघांच्या बोलण्यात फरक शोधून काढलात तर मला सांगा.

तर तपासणी. जाकिटं ज्या मोठ्या कंपनीकडे जायची ती फार सज्जन. माणसांना कोंडून शिवलेली जाकिटं तिला मुळीच चालायची नाहीत. म्हणून ती एक तपासनीसबाई पाठवायची आणि येण्याच्या पंधरा दिवस आधी पत्र पाठवायची, नाहीतर ते असभ्य दिसलं असतं. पंधरा दिवसांत पंखे पुसले जायचे, भिंतीला रंग लागायचा, आणि त्या एका दिवसापुरतं कुलूप निघायचं.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात असंच झालं. शटर पूर्ण वर. दारात मालक, मुकादम आणि हातात पाटीसारखा टॅब घेतलेली तपासनीसबाई. बाई मनाने चांगली, हे मी आधीच सांगते. सगळे कामगार आत जाऊन बसले, मागोमाग बाई, मालक आणि मुकादमही आत गेले. खिडकीदादाला त्या दिवशी ना शटर ओढायचं होतं ना कुलूप लावायचं. तो दोन मिनिटं फुटपाथवर नुसता उभा राहिला, हात कुठे ठेवावेत कळेना अशा चेहऱ्याने. समोर दहा फुटी दार उघडं. आणि हा बाबा वळला, बोळात गेला, खोक्यावर चढला आणि खिडकीतून आत उतरला. बरोबर बाईंच्या पुढ्यात.

“हे काय?” बाई म्हणाल्या.

मालकाचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. मुकादम मात्र तयार गडी, उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणाला, “आपत्कालीन मार्ग, मॅडम. आग लागली तर कुठून जायचं, याचा रोज सराव घेतो.”

“पण हे तर बाहेरून आत आले.”

“आत यायचा सराव झाला की बाहेर जायचा आपोआप होतो.”

बाईंना हे पटलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना असा शिवणखाना भेटला होता जिथे कामगार स्वतःहून सराव करतो. त्यांनी फोटोसाठी खिडकीदादाला अंगात जाकीट घालून पुन्हा एकदा खिडकीत चढायला लावलं, अर्धा आत अर्धा बाहेर, आणि म्हणाल्या, “हसा.” तो हसला. सांगितलेलं करायची त्याला सवयच होती.

त्या फोटोने सगळा घोळ केला. कंपनीने दरवर्षीप्रमाणे एक गुळगुळीत कागदाची पुस्तिका काढली, आमचे कामगार आमचं कुटुंब वगैरे, आणि मुखपृष्ठावर हा. नारिंगी जाकीट घालून खिडकीतून झुकलेला, दात दिसतायत. मुकादमाने एक प्रत माझ्याकडे दिली, त्या पानाच्या पन्नास रंगीत प्रती काढायला. मी विचारलं, एवढ्या कशाला? म्हणाला, “मामाला पाहिजेत. तिकडे गावात दाखवायला.”

मी काढल्या. रंग छान आले होते.

दोन महिन्यांनी माझ्या दुकानातला फोन वाजला. खिडकीदादाला महिन्यातून एकदा माझ्याकडून घरी बोलायची परवानगी होती, मुकादमासमोर. तो घरी काय बोलायचा ते मला पाठ झालं होतं: बरा आहे, काम चांगलं आहे, मालक देवमाणूस आहे. नऊ वर्षं हीच तीन वाक्यं. त्या दिवशी फोन तिकडून आला आणि मुकादम नव्हता, म्हणून मी पलीकडे जाऊन खिडकीतून हाक मारली. तो खिडकीतून बाहेर आला. फोन त्याच्या मुलीचा होता. तो निघाला तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आता अठरा.

मी मशीन बंद केलं. ऐकायचं नाही असं दाखवायला मी कागद मोजायला घेतले, पण पोरीचा आवाज आनंदाने इतका चढला होता की न्हाव्यालाही ऐकू गेला असेल.

“बाबा, माझं काम झालं! तुमच्याकडेच, एप्रिलपासून! मामांनी तुमचा फोटो दाखवला सगळ्या गावाला. पन्नास पोरींनी नावं दिली होती, पण मामा म्हणाले, फोटोतल्या माणसाच्या मुलीला पहिला मान.”

खिडकीदादाने भिंतीला हात टेकला. म्हणाला, “येऊ नकोस.”

“का?”

“इथे... इथे बरं नाही.”

“तुम्हीच तर म्हणता, बरं आहे. दर महिन्याला म्हणता.”

“ते तसं म्हणावं लागतं. इथे आम्हाला कोंडून ठेवतात, बाळ.”

“कोंडून? कोण कोंडतं?”

त्याने खिळ्यावरच्या किल्लीकडे पाहिलं. मग म्हणाला, “कुलूप मी लावतो.”

“तुम्ही?”

“हो. बाहेरून.”

“मग तुम्ही बाहेरच असता ना?”

“नाही, मी खिडकीतून आत जातो.”

पलीकडे पोरगी हसायला लागली. आधी फिस्सकन, मग मोकळेपणाने. “बाबा, मी यावं असं वाटत नसेल तर सरळ सांगा ना. असल्या गोष्टी काय रचता? आणि किल्ली कुठे असते मग?”

“समोरच्या मावशींकडे.”

“मग मावशींना सांगा, उघडा म्हणून!”

त्याने माझ्याकडे बघितलं. मी कागदांकडे. ती म्हणाली, “आई म्हणते, एकट्याने राहून राहून तुम्ही जरा विचित्र झालात. मी येते आणि तुमची काळजी घेते.” आणि फोन ठेवला.

खरं सांगते, त्याचं बोलणं मीही पहिल्यांदा ऐकलं असतं तर हसलेच असते. खोटं कसं, नीट इस्त्री केलेलं असतं, कुठेही सुरकुती नाही. खऱ्याला मात्र काही केल्या शेंडाबुडखा लागत नाही. तो रिसीव्हर हातात धरून तसाच उभा होता. म्हणाला, “मावशी, हिला थांबवायलाच पाहिजे. माझं काय, मी झालो आता इस्त्रीचा. पण ही आत आली तर शटर मी कसं ओढू?”

त्यापुढे महिनाभर त्या माणसाच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. शेवटी त्याने ठरवलं, तपासनीसबाईंना सगळं खरं सांगायचं. बाई चांगल्या आहेत, त्या शिवणखाना बंद करतील. बंद शिवणखान्यात पोरीला कोण आणणार?

हिवाळ्याची तपासणी आली. बाईंच्या नियमात होतं की एका कामगाराशी खासगीत, मालकाच्या माघारी बोलायचं. खासगी जागा कोणती, तर माझं दुकान. आणि कामगार कोणता, तर मुखपृष्ठावरचाच, कारण तो सवयीचा. मालक निर्धास्त होता. मी पडदा ओढला आणि पडद्याच्या अलीकडे, म्हणजे हाताच्या अंतरावर, बसून राहिले.

खिडकीदादा बोलला. मी त्याला एवढं बोलताना कधीच ऐकलं नव्हतं. कुलूप, कपाट, मामा, मुदत संपलेला पासपोर्ट, वर ठेवलेली चिठ्ठी, पोलिसांची भीती, सगळं. उठून खिळ्यावरची किल्ली काढून त्याने बाईंच्या हातात ठेवली. “ही बघा,” म्हणाला. “आज तुम्ही आलात म्हणून कुलूप नाही. उद्या येऊन बघा.”

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी फटीतून बघितलं, खोटं सांगत नाही. त्या म्हणाल्या, “दादा, तुम्ही किती मोकळेपणाने बोललात!” त्यांनी सगळं लिहून घेतलं, शब्दन्‌शब्द. जाताना किल्ली पुन्हा खिळ्याला अडकवली आणि माझाही हात हातात घेतला. मला वाटलं, झालं, सुटली माणसं. मी त्या दिवशी पेढे वाटायचीच बाकी होते.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. बावीस प्रती काढायला माझ्याचकडे. मुकादम खुशीत होता. मी पहिलं पान काचेवर ठेवायच्या आधी वाचलं, मग खाली बसून वाचलं.

बाईंनी एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. तक्ता कंपनीने आखून दिलेला होता, त्यातल्या रकान्यांत त्यांनी सगळं नीट बसवलं होतं. कामगार तपासनीसांपुढे निर्भयपणे तक्रार करतात. अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य: उत्तम. कामगारांची कागदपत्रे मजबूत लोखंडी कपाटात: सुरक्षित. प्रवेशद्वाराच्या किल्लीची जबाबदारी कामगाराच्याच हाती: नेतृत्वविकास, स्तुत्य. किल्ली आपत्कालासाठी समोरच्या दुकानात उपलब्ध: स्थानिक समाजाचा सहभाग, उल्लेखनीय. सुधारणेस वाव या रकान्यात एकच ओळ होती: कुलपाला वेळोवेळी तेल द्यावे.

स्थानिक समाज म्हणजे मी. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी लेखी कौतुक केलं, ते हे.

श्रेणी ‘ब’ वरून ‘अ’ झाली. कंपनीने ऑर्डर दुप्पट केली. ऑर्डर दुप्पट झाली म्हणून हात कमी पडले. हात कमी पडले म्हणून मामाला निरोप गेला, पोरींना एप्रिलऐवजी आत्ताच पाठव. खिडकीदादाने तोंड उघडलं नसतं तर पोरगी तीन महिने उशिरा आली असती. हे मी त्याला सांगितलं नाही. त्याला कळलंच.

पोरी आल्या त्या सकाळी तो शटर ओढत असताना मुकादम तीन पोरींना घेऊन माझ्या दुकानाशी आला. त्यांचे तीन पासपोर्ट माझ्या टेबलावर ठेवले. “मावशी, प्रती काढून ठेवा. पोरींना बसू दे पायरीवर. मी दुसरीकडे जाऊन येतो दुपारी, मग आत घेऊ.” आणि गेला. एवढा विश्वास! आपल्याच आहेत मावशी, स्थानिक समाज.

मी वरचा पासपोर्ट उघडला आणि आडनाव वाचलं. तेवढ्यात खिडकीदादा किल्ली घेऊन रस्ता ओलांडून आला.

पायरीवरच्या पोरींपैकी एक उठून उभी राहिली. “बाबा?” नऊ वर्षांनी बाप बघितला की पोरीने गळ्यात पडायचं असतं. ही पडली नाही. ती त्याच्या हातातल्या किल्लीकडे बघत होती. मग शटरकडे. मग कुलपाकडे.

“म्हणजे खरंच?” ती म्हणाली.

तो किल्ली खिळ्याला अडकवून आला. तिला हाताला धरून बोळात घेऊन गेला. मी मागोमाग. तो खोक्यावर चढला, एक पाय खिडकीत टाकला, वाकला. आता त्याचं वय झालं होतं, पोटाशी जरा अडकला, धोतरासारखा पांढरा झालेला चेहरा लाल झाला. आत उतरला. मग परत वळून तसाच बाहेर आला आणि तिच्यासमोर उभा राहिला. “असं,” म्हणाला. “रोज.”

फोनवर हसलेली पोरगी आता हसली नाही. तिने त्याच्या शर्टावरची धूळ झटकली. खूप वेळ झटकत राहिली, धूळ कधीच गेली होती.

माझ्या हातात तिचा पासपोर्ट होता. आणायचा असं काही मी ठरवलं नव्हतं, उघडला तेव्हापासून तो हातातच राहिला होता. मी तिच्यापुढे धरला. “सीमेकडची बस दहाला सुटते. तिकीट मी काढते. चल, चालू लाग.”

“बाबा, चला,” ती म्हणाली.

“माझा कपाटात आहे. आणि त्याची मुदत संपली आहे. सीमेवर तुलाही अडवतील माझ्यापायी.” त्याने हे इतक्या सरळ सांगितलं, जसं कोणी सांगावं की आज दुकान बंद आहे. “तू जा. तू गेलीस की मला इस्त्री सुचेल.”

बाकीच्या दोघींना मी विचारलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. थोरली म्हणाली, “परत जाऊन घरी काय सांगू?” खिडकीदादाने मान खाली घातली. नऊ वर्षांपूर्वी त्यालाही हाच प्रश्न पडला असणार. त्या दोघींचे पासपोर्ट मी दुपारी मुकादमाच्या हातात दिले. हो, दिले. एकदा शूर झालं की माणसाला वाटतं, वर्षभराचं काम झालं.

मुकादमाने बोळाच्या तोंडाशी थांबून मला तिसरी कुठे म्हणून विचारलं. पण मी काही बोलायच्या आधी खिडकीतून आवाज आला, “मीच घेतली होती तिला आत, काम दाखवायला. खिडकीतून पळाली. पासपोर्टही मावशींच्या टेबलावरून उचलला असेल.” पोरगी आत गेलीच नव्हती. त्याने माझ्यावर येणारं सगळं खिडकीवर ढकललं.

मुकादमाने त्याला काय केलं ते मी सांगत नाही. चार दिवस त्याचा डावा डोळा उघडत नव्हता. मालकाने मात्र मुळावरच घाव घातला. दुसऱ्या दिवशी वेल्डर आला आणि खिडकीला आडवे-उभे गज बसवून गेला. नऊ वर्षांत पहिल्यांदा तो शिवणखाना खरोखर बंद झाला.

आणि तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीदादाने एकवीस माणसं आणि दोन नव्या पोरी आत घेतल्या, शटर ओढलं, कुलूप लावलं, किल्ली खिळ्याला अडकवली, “येतो, मावशी” म्हणाला, बोळात गेला, खोक्यावर चढला आणि तिथेच उभा राहिला.

इतकी हुशार माणसं, मालक, मुकादम, वेल्डर, पण एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं की हा आत कसा जाणार.

मी बोळात गेले. “अरे, तू बाहेर आहेस!” मी म्हणाले. “तुझं तुला कळतंय का? तू बाहेर आहेस!”

“हो ना,” तो म्हणाला. “आता आत कसं जाऊ?”

“जाऊच नकोस. जा कुठेतरी.”

“कुठे?”

आली का पंचाईत! पासपोर्ट नाही, ओळखीचं कोणी नाही, डोळा सुजलेला. पोलीस म्हणावं तर तोच आधी आत जाणार. माझ्या घरी म्हणावं तर... ते माझ्या जिभेवर आलं होतं. आलं होतं, आणि मी ते गिळलं. तेवढ्यात आतून बायका ओरडल्या, “दादा, कुठे राहिलात? ढीग झालाय इथे!” आणि त्याच्या चेहऱ्यावरची काळजी गेली. कोणीतरी गजांतून इस्त्री बाहेर दिली, वायर आतच. मग जाकिटं. त्याने खोक्यावर चादर अंथरली आणि बोळात उभा राहून इस्त्री करायला लागला.

दोन दिवस तो असा मोकळ्या हवेत वेठबिगारी करत होता. गल्लीतले लोक येऊन बघून जायचे. न्हावी म्हणाला, “बघा, सोडलं तरी जात नाही! म्हणून म्हणतो, सवय असते.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीचा फोन आला. ती पोचली होती. मी वायर ताणून फोन दारापर्यंत आणला, तो रस्त्यात येऊन उभा राहिला.

“बाबा, कुठे आहात?”

“बाहेर,” तो म्हणाला. नऊ वर्षांत घरी बोललेलं त्याचं पहिलं खरं वाक्य, ज्यावर कोणी हसलं नाही.

“बाहेर? खरंच बाहेर?” पोरगी रडायला लागली. “मग या ना! बाबा, या ना लगेच!”

“येतो,” तो म्हणाला. “एवढा ढीग तेवढा संपवतो.”

मुकादम संध्याकाळी आला. माणूस बाहेर उभा आहे याचं त्याला काही वाटलं नाही. जाकिटांवर धूळ बसते, कंपनी माल परत करेल, हे त्याला वाटलं. त्याने डोकं खाजवलं, इकडेतिकडे बघितलं आणि त्याची नजर माझ्यावर येऊन थांबली.

“मावशी, उद्यापासून कुलूप तुम्हीच लावा की. नाहीतरी किल्ली तुमच्याचकडे असते. आणि मालक म्हणत होते, तुमच्या जागेचा करार या महिन्यात नवा करायचाय.”

रात्रभर मी स्वतःशी भांडले. सकाळी साडेआठला जाऊन सांगायचं ठरवलं, जमणार नाही. शटरपाशी गेले. चोवीस जण आत जात होते, या वेळी सगळे. खिडकीदादा शेवटी आला आणि दारात थांबला. मी म्हणाले, “मी लावणार नाही. काय व्हायचं ते होऊ दे.”

तो हळू आवाजात म्हणाला, “मावशी, मुकादम आज अकराला येणार आहे. उघडं दिसलं की तो विचारत बसेल. विचारता विचारता पोरगी कशी गेली तिथपर्यंत येईल, मग तिकिटापर्यंत, मग तुमच्यापर्यंत. माझं काम झालं. पोरगी घरी आहे. तुम्ही कशाला अडकता?”

तो आत गेला. त्याने आतून शटर अर्धं खाली केलं, कारण मला उंचावरून ओढायला जड गेलं असतं. उरलेलं मी ओढलं. कुलूप नव्याने तेल दिलेलं होतं, आवाज न करता लागलं. मी किल्ली काढली आणि वळले.

“मावशी,” शटरच्या मागून त्याचा आवाज आला. “ओढून बघा, नीट लागलंय का.”

मी ओढून बघितलं. नीट लागलं होतं.